लेकीचा हिस्सा, अनाथाची ठेव



मृताच्या मागे कबरीपर्यंत तीन गोष्टी जातात, अशी शिकवण आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे: त्याचे आप्त, त्याचे धन आणि त्याचे कर्म. त्यांपैकी दोन माघारी फिरतात, एकच सोबत राहते. मागे राहणाऱ्या कर्माविषयी आपण जुम्याच्या बयानात पुष्कळ ऐकतो. माघारी फिरणाऱ्या त्या दोघांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. दफनविधी आटोपून आप्त घरी येतात, मृताचे धन घरी असतेच, आणि या दोहोंची गाठ पडते. त्या क्षणी त्या घराच्या ईमानाची खरी परीक्षा सुरू होते.

ज्या खर्डा गावात मी इमामत करतो, त्या गावाचे नाव इतिहासात एका लढाईमुळे राहिले आहे. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे आणि निजाम समोरासमोर आले. पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरचे भोसले एका बाजूने उभे राहिले आणि विजयी झाले. पण पुढे काय घडले? त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे निपुत्रिक वारले आणि गादीवर कोणी बसावे यावरून पुण्यात वर्षाहून अधिक काळ कारस्थाने चालली. १७९७ साली तुकोजी होळकर वारले. त्यांचे पुत्र एकमेकांवर उठले आणि त्यांतला एक त्याच वर्षी मारला गेला. हरलेल्या निजामाच्या घरीही निराळे चित्र नव्हते. १७९५ सालीच त्याचा पुत्र अलीजाह बापाविरुद्ध बंड करून उठला आणि वर्ष सरण्याआधी मरण पावला. रणांगणावर जे एकत्र राहिले, त्यांना वारशाने फोडले. गादीचे जे होते तेच चार एकर जिराईत रानाचेही होते. फरक इतकाच की त्याची नोंद बखरीत होत नाही. ती जामखेडच्या तहसील कचेरीत आणि कोर्टाच्या तारखांत होते.

हा लेख लिहिण्याचे एक कारण आहे, ते आधी सांगतो. गेल्या वर्षी एका घरून मला बोलावणे आले. वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते. दोन्ही बहिणी सासरहून आल्या होत्या. हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे ठरले होते. मौलाना साक्षीला असले म्हणजे बरे, असे थोरल्या भावाचे म्हणणे. मी धाकट्या बहिणीला विचारले, "आपा, हे मर्जीने करता ना?" तिने आधी भावाकडे पाहिले, मग खाली मान घालून म्हणाली, "मर्जीच म्हणायची, मौलाना. माहेर तुटायला नको." मी दुआ केली, चहा घेतला आणि निघून आलो. त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते मी बोललो नाही. ते आज येथे लिहीत आहे.

पहिला निवाडा

वारशाचे नियम पवित्र कुरआनात सूरह अन्‌-निसामध्ये आले आहेत. ते कोणत्या प्रसंगी आले, हे जाणून घेण्यासारखे आहे. मदिनेचे एक अन्सारी सहाबी, माननीय सअद बिन रबीअ (रजि.), उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्यामागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. त्या काळच्या अरबांत बायका-मुलींना वारसा देण्याची रीत नव्हती. जो घोड्यावर बसून लढू शकतो तोच वारस, असा समज होता. त्या रीतीप्रमाणे सअद (रजि.) यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हा ती विधवा आपल्या दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली आणि तिने गाऱ्हाणे मांडले: यांचे वडील आपल्यासोबत लढताना शहीद झाले, चुलत्याने सर्व काही घेतले, आणि जवळ काही असल्याशिवाय यांची लग्ने कशी व्हावीत? अल्लाहच याचा निर्णय देईल, असे प्रेषितांनी तिला सांगितले. त्यानंतर वारशाची आयत अवतरली. प्रेषितांनी चुलत्याला बोलावले आणि आज्ञा केली की मुलींना दोन तृतीयांश द्यावे, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्यावे आणि उरेल ते त्याने घ्यावे. मालमत्तेचे २४ भाग धरले तर १६ मुलींचे, ३ आईचे आणि ५ चुलत्याचे.

वाचकहो, या घटनेत आपल्या आजच्या बहुतेक सर्व भांडणांचे मूळ आहे: पती गमावलेली स्त्री, बाप गमावलेल्या मुली, आणि सारे काही आपलेच समजणारा चुलता. इस्लाममधील वारशाच्या या निवाड्याची सुरुवात एका विधवेच्या तक्रारीने झाली. तिला कोणी भांडखोर म्हटले नाही. घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणलीस, असेही कोणी म्हटले नाही. तिची तक्रार ऐकली गेली आणि तिला अल्लाहकडून उत्तर आले.

याच सूरहच्या सातव्या आयतीचा आशय असा की, आईवडील व जवळच्या नातलगांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे; मग संपत्ती थोडी असो वा फार, हा वाटा ठरवून दिलेला आहे. 'थोडी असो वा फार' हे लक्षात ठेवा. चाळीस एकर असेल तर बहिणीला द्यावे आणि चारच एकर असेल तर भावांनी ठेवावे, अशी सवलत कोठेही नाही. पुढे हिस्से सांगून झाल्यावर तेराव्या व चौदाव्या आयतींत या मर्यादा पाळणाऱ्यास जन्नतची शुभवार्ता आणि त्या ओलांडणाऱ्यास आगीचा इशारा दिला आहे. नमाज-रोजाच्या बाबतीत आपण जितके सावध असतो, तितकीच सावधगिरी येथेही अपेक्षित आहे.

चार एकरांचा हिशेब

मृत्यूनंतर संपत्तीचे काय करायचे, याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम कफन-दफनाचा रास्त खर्च. त्यानंतर कर्जफेड. पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच आहे, हे अनेक घरांत विसरले जाते; सोसायटीचे पीककर्ज आठवते, महर आठवत नाही. त्यानंतर वसीयत असल्यास ती उरलेल्या संपत्तीच्या एक तृतीयांशापर्यंत. आणि शेवटी वारसांचे हिस्से.

एक सोपे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याचे चार एकर, म्हणजे १६० गुंठे रान आहे. कर्ज नाही, वसीयत नाही, आईवडील आधीच वारलेले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. पत्नीचा एक अष्टमांश म्हणजे २० गुंठे. उरलेल्या १४० गुंठ्यांत मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक वाटा, म्हणून प्रत्येक मुलाला ५६ गुंठे आणि मुलीला २८ गुंठे. मुलाचा वाटा दुप्पट का, असे विचारणाऱ्यांना उत्तर हे की पत्नीचा महर, बायकोमुलांचे पोषण आणि गरजवंत आईबापांचा व बहिणीचा सांभाळ यांचा भार शरीअतने पुरुषावर टाकला आहे. बहिणीचे २८ गुंठे सर्वस्वी तिचे. त्यातून घर चालविण्याची सक्ती तिच्यावर नाही. पण ज्या भावाने तेही २८ गुंठे ठेवून घेतले आणि बहिणीच्या सांभाळाचा भारही उचलला नाही, त्याने या उत्तराचा आधार घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. आपल्या सातबाऱ्यावर पुष्कळदा थोरल्या भावाचे नाव 'एकुमॅ' म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागते, आणि बहिणींची नावे असलीच तर इतर हक्कांच्या रकान्यात जातात. इस्लामी कायद्यात एकत्र कुटुंबाची सामाईक मिळकत ही कल्पनाच नाही. बाप जिवंत असेतो मालमत्ता बापाची. त्यावर मुलाचाही जन्मसिद्ध हक्क नाही. बापाने डोळे मिटले की त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच्या मालकीचा होतो. मग कागद झालेला असो वा नसो, फेरफार मंजूर झालेला असो वा नसो. फेरफार नोंद ही महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते, तिने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, हे आपल्या न्यायालयांनीही वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे बहिणीचे नाव सातबाऱ्यावर नसले तरी तिचे २८ गुंठे तिचेच आहेत, आणि भाऊ त्यात ज्वारी पेरतो तेव्हा दुसऱ्याच्या रानात पेरत असतो.

१८४७ चा निकाल

लेकींना वारसा नाकारणे हे आपल्या देशात एकेकाळी कोर्टाने मान्य केलेले होते. १८४७ साली मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि कच्छी मेमन समाजांतील प्रकरणे आली. त्यांपैकी 'हिरबाई विरुद्ध सोनाबाई' हे नाव आजही कायद्याच्या ग्रंथांत येते. आम्ही मुसलमान आहोत, तेव्हा वडिलांच्या संपत्तीत कुरआनने ठरविलेला हिस्सा आम्हाला मिळावा, अशी लेकींची मागणी होती. समोरचा पक्ष म्हणाला की आमच्या समाजाची रूढी निराळी आहे. आमच्यात मुलीला पोटगी आणि लग्नाचा खर्च मिळतो, वारसा मिळत नाही. कोर्टाने रूढी सिद्ध झाल्याचे मानले आणि लेकी हरल्या. प्रतिवादीही कलमा पढणारेच होते. मुसलमान बापाच्या घरात, मुसलमान लेकीविरुद्ध, कुरआनच्या हिश्शावर रूढीने मात केली.

हे बदलायला ९० वर्षे लागली. १९३७ चा मुस्लिम व्यक्तिगत कायदा (शरीअत) अंमलबजावणी अधिनियम आला, तो मुख्यतः अशा रूढी मोडण्यासाठी. रूढीच्या कायद्याखाली मुस्लिम स्त्रियांची अवस्था लाजिरवाणी असल्याचे त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच म्हटले होते. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, कच्छी मेमनांसाठी स्वतंत्र कायदा होऊन त्यांचाही वारसा इस्लामी नियमांखाली आला. १९३७ च्या कायद्यात एक अपवाद मात्र राहिला. शेतजमीन हा प्रांतांच्या अधिकारातील विषय असल्याने तिचे प्रश्न त्यातून वगळण्यात आले. हा अपवाद पुढे करून 'शेतात मुलीला वाटा नसतो' असे सांगणारे आजही भेटतात. आपल्या महाराष्ट्रात मुस्लिम कुटुंबांतील लेकींची नावे शेतजमिनीवर वारस म्हणून लागतात, हे त्यांनी तलाठ्याला विचारून पाहावे. आणि कायद्यात पळवाट असती तरी काय? सूरह अन्‌-निसामध्ये शेतजमिनीचा अपवाद नाही.

आता स्वतःला प्रश्न विचारू या. कायदा बदलला, आपण बदललो का? "तिच्या लग्नात एवढा खर्च केला, आता हिस्सा कशाचा?" हे वाक्य आपण किती घरांत ऐकतो! हा तोच युक्तिवाद आहे जो १८४७ साली मुंबईच्या कोर्टात झाला होता. तेव्हा तो वकिलाने केला, आज भाऊ करतो. १९३७ चा कायदा कोर्टातून रूढी हाकलू शकला. ओसरीवरून हाकलण्याचे काम आपले होते आणि ते आपण केले नाही. आपण फक्त रूढीला नवे नाव दिले: हक्कसोडपत्र.

मर्जी कशी ओळखावी?

कोणी म्हणेल, बहिणीने खुशीने सोडले तर त्यात गैर काय? खुशीने दिलेले घेण्यास मनाई नाही. प्रश्न खुशी ओळखण्याचा आहे. लग्नातील खर्च हा बापाने हयातीत केलेला खर्च आहे. तो वारशातून वजा होत नाही, जसा मुलाच्या शिक्षणाचा किंवा त्याच्या लग्नाचा होत नाही. ईदला दिलेली साडी ही बहिणीशी जपलेल्या नात्याची खूण आहे; ती २८ गुंठ्यांची किंमत नव्हे. आणि 'माहेर तुटेल' या भीतीने केलेली सही ही मर्जी नव्हे.

हनफी फुकहांनी या बाबतीत मोठी बारकाई दाखविली आहे. 'मी माझा हक्क सोडला' एवढे म्हटल्याने वारसाचा हक्क नष्ट होत नाही, कारण मालकी नुसत्या सोडण्याने संपत नसते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बाप जिवंत असताना मुलीकडून लिहून घेणे तर निरर्थकच. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडणार कसा? यावर उलमांनी सुचविलेला मार्ग सोपा आहे. आधी हिस्सा मोजून बहिणीच्या ताब्यात द्या. तिचे नाव लावा, बांध दाखवा, एखादे वर्ष तिला पीक किंवा खंड घेऊ द्या. त्यानंतर काहीही न मागता, न सुचविता, तिला भावाला द्यावेसे वाटले तर ते दान खरे. रिकाम्या हाताने सोडणे आणि भरल्या हाताने देणे यांत हाच फरक आहे.

जमिनीचे तुकडे होतील, ही अडचण खरी आहे. तुकडेबंदीचा कायदाही आहे. पण शरीअतने त्यासाठीही वाट ठेवली आहे. तिला 'तखारुज' म्हणतात: वारसाने आपल्या हिश्शाऐवजी परस्पर मान्य मोबदला घेऊन बाजूला होणे. बाजारभावाने रक्कम ठरवा, ती खरोखर द्या, हप्त्याने देणार असाल तर हप्ते लिहून द्या, आणि मग हक्कसोडपत्र करा. ते हक्कसोडपत्र हलाल आहे. दस्तात मोबदला लिहायचा आणि हातात काहीच द्यायचे नाही, हे खोटेही आहे आणि गसबही. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात थरांपर्यंतची जमीन अडकविली जाईल, असा इशारा प्रेषितांनी दिला आहे. बहिणीची जमीन त्यातून वगळलेली नाही.

अनाथाची ठेव

वारशाच्या वादात सर्वांत मुका पक्ष म्हणजे अज्ञान मूल. सूरह अन्‌-निसामध्ये वारशाचे हिस्से येण्याआधीच अनाथांचा विषय येतो. त्यांचे धन त्यांना द्या, आपले वाईट त्यांच्या चांगल्याशी बदलू नका, आणि जे अनाथांचे धन अन्यायाने खातात ते आपल्या पोटात आगच भरतात, असा त्या आयतींचा आशय आहे. दुसरीकडे, अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये माझ्या इतका निकट असेल, असे सांगून प्रेषितांनी आपली दोन बोटे दाखविली. एकच मूल, एकच ठेव. एकाला जन्नत, दुसऱ्याला आग.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलाचे संगोपन आणि मुलाच्या मालमत्तेचा कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलाच्या संगोपनाचा पहिला हक्क आईचा. मालमत्तेचा वली मात्र हनफी मतानुसार बाप, त्यानंतर बापाने नेमलेला वसी, त्यानंतर आजोबा व त्याने नेमलेला वसी. यांपैकी कोणी नसेल तर काजी नेमील तो. भाऊ किंवा चुलता आपोआप वली होत नाही. १९१८ साली 'इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी' या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितले. तेथे आईने अज्ञान मुलांच्या हिश्शाची विक्री केली होती. मूल प्रत्यक्षात सांभाळतो एवढ्याने त्याची स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार मिळत नाही, असे ठरले आणि ती विक्री मुलांवर बंधनकारक नाही असा निकाल झाला. आज काजीच्या जागी जिल्हा न्यायालय आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने तेथे अर्ज करून पालक नेमून घेता येतो, आणि असा नेमलेला पालकही न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची जमीन विकू शकत नाही. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणून नाव लागले म्हणजे पुतण्याचे रान आपले झाले, असे समजणाऱ्या चुलत्यांनी हे वाचावे.

यातून तरुण बापांनी एक धडा घ्यावा. आपल्या पश्चात मुलांच्या मालमत्तेचा कारभार पत्नीने पाहावा असे वाटत असेल, तर वसीयतीत तिला वसी म्हणून नेमा. शरीअत याला परवानगी देते. एका कागदाने तुमच्या विधवेचे दारोदार फिरणे वाचेल.

आणि जो वली आहे त्याने हिशेब लिहावा. श्रीमंत असेल तर मुलाच्या धनाला हात लावू नये. गरीब असेल तर रिवाजाप्रमाणे माफक मेहनताना घ्यावा. मूल सज्ञान व समंजस झाले की साक्षीदारांसमोर सर्व त्याच्या स्वाधीन करावे. हे सहाव्या आयतीचे मार्गदर्शन आहे, आणि याहून चांगला ट्रस्टचा नियम मला ठाऊक नाही.

वसीयत आणि हिबा

माननीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना प्रेषित त्यांच्या भेटीस गेले. त्यांना एकच मुलगी होती. सारे धन दान करू का, निम्मे करू का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी नकार दिला. एक तृतीयांश चालेल, आणि एक तृतीयांशही पुष्कळ आहे, असे सांगून ते म्हणाले की वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा संपन्न स्थितीत सोडणे बरे. वारसासाठी वसीयत नाही, असाही प्रेषितांचा आदेश आहे. म्हणून 'सर्व काही धाकट्याच्या नावे' असे मृत्युपत्र करून बाप इतर मुलांचा हक्क मारू शकत नाही. इतर वारसांनी बापाच्या मृत्यूनंतर राजीखुशीने संमती दिली तरच ते लागू होते.

मग काही जण वाट काढतात: हयातीतच एका मुलाच्या नावे बक्षीसपत्र. माननीय नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहेस का, असे प्रेषितांनी विचारले. नाही, असे उत्तर येताच अल्लाहचे भय बाळगून मुलांत न्याय करण्यास त्यांनी सांगितले आणि अन्यायावर साक्षी राहण्यास नकार दिला. बंधुहो, ही हदीस मी मदरशात शिकलो, तिचा अर्थ इतरांना शिकविला, आणि त्या घरी साक्षीला बसलो तेव्हा मला ती आठवली नाही. आपल्यातील इमामांना, गावातील जाणत्या मंडळींना, साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या शेजाऱ्यांना माझी विनंती आहे की आपली सही ही गवाही आहे आणि तिचा जाब द्यावा लागेल.

वसीयतीचा खरा उपयोग कोठे आहे, हेही पाहा. बापाआधी एखादा मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर मृत मुलाच्या लेकरांना आजोबांच्या संपत्तीत वारसा पोहोचत नाही. अशा नातवंडांसाठीच तर तो एक तृतीयांश राखून ठेवला आहे! ज्या आजोबाच्या दारात पोरकी नातवंडे खेळतात, त्याने वसीयत न लिहिता एक रात्रही काढू नये. आणि वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातलग, अनाथ व गरजू समोर आले तर त्यांनाही त्यातून काही द्यावे आणि त्यांच्याशी गोड बोलावे, असा आदेश आठव्या आयतीत आहे.

वाद मिटविण्याची रीत

शक्य तेथे घरातच निवाडा करा. मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच कर्ज, महर आणि ठेवींची यादी सर्व वारसांसमोर, आई-बहिणींसमोरही, वाचून दाखवा. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या आणि त्यात सर्व वारसांची नावे लिहा. बहिणीचे नाव गाळून केलेले प्रतिज्ञापत्र ही खोटी शपथ आहे. सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. हिस्से काढण्यासाठी मुफ्ती किंवा जाणत्या आलिमाकडून लेखी फतवा घ्या, दस्तासाठी वकिलाचा सल्ला घ्या.

आणि हे करूनही भाऊ ऐकत नसेल तर बहिणीने कोर्टात जाणे हे पाप नाही. सअद (रजि.) यांची विधवा ज्या दारात गेली होती त्याच वाटेवर ती चालत आहे. तिला 'माहेर बुडविणारी' म्हणणाऱ्यांनी आधी माहेर कोणी बुडविले ते पाहावे.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. वारशाच्या जुन्या मालमत्तेवरून दोन माणसे प्रेषितांकडे आली. दोघांजवळ पुरावा नव्हता, फक्त आपापला दावा होता. प्रेषितांनी त्यांना समजावले की मी माणूस आहे; तुमच्यापैकी एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडील आणि ऐकले त्यावरून मी त्याच्या बाजूने निकाल देईन; परंतु त्याला त्याच्या भावाचे काही मिळाले, तर मी त्याला आगीचा एक तुकडाच दिला असे समजावे. हे ऐकताच दोघेही रडू लागले आणि प्रत्येक जण म्हणू लागला, माझा हक्क माझ्या भावाला असो. आणि प्रेषितांनी काय केले? दोघांनी सोडले म्हणून विषय संपला, असे ते म्हणाले नाहीत. जा, वाटून घ्या, जे न्याय्य आहे ते शोधा, चिठ्ठ्या टाका, आणि मग एकमेकांना माफ करा, असे त्यांनी सांगितले. अश्रूंच्या भरात सोडलेला हक्कही त्यांनी आधी वाटून घ्यायला लावला. मग माहेरच्या भीतीने सोडलेल्या हक्काचे काय?

या अंकाची एक प्रत घेऊन मी त्या घरी जाणार आहे. थोरल्या भावाला सांगणार आहे की त्या दिवशी मी चुकलो. दस्त झाला असला तरी हिशेब अजून मिटलेला नाही आणि परत देण्याचा दरवाजा श्वास आहे तोवर उघडा आहे. आपल्यापैकी कोणाच्या रानात बहिणीचे गुंठे, पुतण्याचा बांध किंवा आईचा महर अडकलेला असेल, तर त्यानेही मोजणी आजच करावी. कबरीतून परतताना आप्त आणि धन मागे राहतील; जे सोबत जाईल, त्यात दुसऱ्याचे काही नसावे.

हे अल्लाह, आमच्या कमाईत आणि आमच्या वारशात हरामचा कण राहू देऊ नकोस. आमच्या विधवांना आणि अनाथांना त्यांचे हक्क देण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. भावांच्या मनात न्याय आणि बहिणींच्या मनात निर्भयता घाल. आणि ज्या वेळी बोलायला हवे त्या वेळी गप्प राहण्यापासून आम्हा सर्वांना वाचव. आमीन.